डेटाशीट नसलेला वायफाय डोंगल अन् आमच्याकडचा मे महिना

आमच्या गावात, म्हणजे आर्वी तालुक्यात, ग्रामपंचायतीने अभ्यासिका काढली तेव्हा कॉम्प्युटर नागपूरहून सेकंडहँड आणले. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले डेस्कटॉप, विंडोज टाकलं तर सुरू व्हायलाच चहा होऊन जाईल असे, म्हणून सगळ्यांवर लिनक्स टाकलं आणि ते मी टाकलं म्हणून पुढचं सगळं लचांड माझ्याच गळ्यात आलं. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं होतं, राउटर भिंतीवर टांगलेला, पण टेबलाटेबलापर्यंत केबल ओढायला सरपंच काकाजी काही तयार होईनात, कारण नुकताच रंग दिला होता. मग सीताबर्डीवरून यूएसबीचे ते बारके वायफाय डोंगल आणले, सगळ्यात स्वस्त मिळाले ते.

लावले, तर काहीच नाही. काही डोंगल तर चक्क सीडी ड्राइव्ह म्हणून दिसत होते, हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून सांगतो, त्यांच्या पोटात विंडोजच्या ड्रायव्हरची, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या प्रोग्रामची, फाइल असते आणि विंडोजला ती मिळावी म्हणून ते आधी सीडीचं सोंग घेतात, लिनक्सवर यूएसबी मोडस्विच नावाचा प्रोग्राम त्यांना त्यातून बाहेर काढतो मग ते वायफाय कार्ड होतात. तेवढं केलं. आयडी दिसला, पण त्या आयडीला ओळखणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नव्हता. त्याच घराण्यातल्या जुन्या चिपचा होता, या चिपचा नाही.

डबीत एक छोटी सीडी होती. आता सीडी ड्राइव्ह कोणाकडे राहिली आहे, शेवटी आर्वीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडे निघाली, तो अजून लग्नाच्या सीड्या कापून देतो. तिच्यात लिनक्स नावाचं फोल्डर होतं आणि त्यात कंपनीने दिलेला सोर्स कोड, कर्नेल तीन पॉइंट काहीतरीच्या जमान्यातला, आजच्या कर्नेलवर कंपाइल करायला घेतला की एररची पानंच्या पानं. पण प्रत्येक फाइलच्या डोक्यावर जीपीएल हा खुला परवाना लिहिलेला होता आणि हीच सगळ्यात कामाची गोष्ट होती, कारण त्यामुळे तो कोड वाचून त्यावरून दुसरा लिहायला कायद्याने मोकळीक होती.

चिप बनवणाऱ्या कंपनीला (नाव घेत नाही) ईमेल केली की डेटाशीट, म्हणजे चिपची माहितीपुस्तिका, द्या, निदान रजिस्टरांची, म्हणजे चिपला हुकूम द्यायच्या आतल्या कप्प्यांची, यादी द्या. उत्तर आलं तेच मोठं नवल. आधी गुप्ततेचा करार करा आणि वर्षाला किती हजार चिपा घेणार ते कळवा. मी म्हटलं जाऊ द्या.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही, फार जुनं आहे. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठी लोकांनी काय केलं ते वाचा कधी. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते त्याचं फक्त वर्णन लिहायचं आणि दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर डोळ्याने न बघता निव्वळ त्या वर्णनावरून कोड लिहायचा, म्हणजे उद्या कोणी नक्कल केली म्हणायला नको. तो ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नेलमध्ये आला, पुढे त्याचा बी४३ झाला, आणि फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) तरीसुद्धा कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावं लागायचं. तोवर बरेच जण एनडीआयएसरॅपर घालून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचे. अथेरॉसच्या कार्डांचं वेगळंच, तिथे मधला एक थर बंद डब्यात दिलेला असायचा आणि कारण सांगायचे की रेडिओचे नियम मोडले जातील. ओपनबीएसडी नावाच्या दुसऱ्या खुल्या सिस्टिमवाल्यांनी त्या थराला स्वतःचा पर्याय लिहिला, त्यावरून लिनक्सचा एथ५के ड्रायव्हर झाला. २००८ मध्ये अथेरॉसने स्वतःच एथ९के मोकळा करून दिला, २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही नव्या कार्डांसाठी सोर्स दिला. आकाश काही कोसळलं नाही. बी४३च्या काळापासून असे ड्रायव्हर सांभाळत आलेले लॅरी फिंगर २०२४ मध्ये गेले, त्यांच्यासारख्या माणसांनी बिनपगारी केलेल्या कामावर आपल्याकडचे कितीतरी जुने लॅपटॉप चालतात.

तर माझं काम त्या मानाने सोपं होतं, कोड हातात होता. अडचण एवढीच की सीडीवरचा कोड चिपच्या आधीच्या आवृत्तीचा आणि माझ्याकडचे डोंगल पुढच्या आवृत्तीचे. कोडमध्ये सगळ्यात मोठ्या फाइली कोणत्या तर नुसत्या आकड्यांच्या, हजारो ओळी, डावीकडे पत्ता उजवीकडे किंमत, हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीने लिहिलेले आकडे), एका शब्दाची टीप नाही. या पत्त्यावर ही किंमत का, तर लिहिणाऱ्याला माहीत असेल. आणि नव्या आवृत्तीचे तक्ते त्यात नव्हतेच.

मग पाहायचं ठरवलं. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकलं, डोंगल त्या विंडोजच्या हवाली केला आणि खाली लिनक्समध्ये यूएसबीमॉन सुरू ठेवलं. यूएसबीमॉन कर्नेलमध्येच असतं, यूएसबीवरून काय गेलं काय आलं सगळं टिपून देतं, वायरशार्कमध्ये उघडून बघता येतं. चिपच्या रजिस्टरात वाचणं-लिहिणं कंट्रोल ट्रान्सफरने होतं, विनंतीच्या पहिल्या बाइटमध्ये हेक्स ४० असेल तर कॉम्प्युटर लिहितोय आणि हेक्स सी० असेल तर वाचतोय, हे यूएसबीच्या स्टँडर्डमध्येच ठरलेलं आहे, कंपनीला लपवता येत नाही. पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून त्या सगळ्याची यादी केली, पत्ता, किती बाइट, किंमत, किती मिलिसेकंदांनी. आणि ती यादी जुन्या कोडशेजारी ठेवून ओळीला ओळ लावत बसलो.

हे काम फार कंटाळवाणं आहे, उगाच मोठेपणा सांगत नाही. बाबा वावरातून आले की मागे उभे राहून पाहायचे. "काय पाहून राह्यला बे दिवसभर त्या आकड्यायत?" मी सांगायचो की डोंगल चालू करून राह्यलो. "याचे पैसे कोन देते तुले?" याला उत्तर नव्हतं.

पण बसलं की दिसायला लागतं. सुरुवातीला चिपला पॉवर देण्याचा क्रम, हे बिट लावा, ते बिट उतरेपर्यंत थांबा, मग पुढचं. मग ईफ्यूज वाचणं, म्हणजे कारखान्यात प्रत्येक डोंगलच्या पोटात कायमचे कोरलेले आकडे, मॅक पत्ता, कुठल्या चॅनलवर किती पॉवर, वगैरे. इथे एक गोष्ट मी सगळ्यात आधी केली, कंपनीच्या कोडमधलं ईफ्यूजमध्ये लिहिणारं फंक्शन माझ्या प्रतीतून उडवूनच टाकलं, कारण तिथे एकदा चुकीचं कोरलं गेलं की डोंगल कायमचा गेला, तिथे अनडू नसतं. त्यानंतर फर्मवेअर तुकड्यातुकड्याने चिपमध्ये ढकलायचं आणि चेकसम जुळला का ते एक बिट वाचून बघायचं. मग ते तक्ते. मग कॅलिब्रेशन, म्हणजे रेडिओ जुळवून घेणं. मग कुठे रेडिओ ऐकायला लागतो.

वायफायचा बाकी पसारा, म्हणजे नेटवर्कला जोडणं, पॅकेटांचा क्रम लावणं, हे लिनक्समध्ये मॅक८०२११ नावाचा थर करतो, २००७ पासून कर्नेलमध्ये आहे, त्यामुळे आपल्याला फक्त चिपशी बोलायचं असतं. एन्क्रिप्शनही मी चिपला करू दिलं नाही, ड्रायव्हरने मला जमत नाही असं उत्तर दिलं की मॅक८०२११ ते प्रोसेसरवर करून टाकतो, थोडं हळू पण एक झंझट कमी. नवीन कोणी करत असेल तर हेच करा, आधी सगळं सॉफ्टवेअरवर टाका, मग एकेक चिपकडे द्या, नाहीतर काय बिघडलं ते कळायचा काही मार्ग राहत नाही.

अर्ध्या रजिस्टरांना जुन्या कोडमध्ये नावं होती, अर्ध्यांना नव्हती. बिननावाच्या रजिस्टरांना मी नाव दिलं नाही. अंदाजाने नाव ठेवलं की दोन वर्षांनी तो अंदाज कोणाला तरी खरा वाटतो आणि तो त्यावर पुढचा कोड रचतो. म्हणून तिथे हेक्स आकडा तसाच ठेवून वर लिहिलं की विंडोजचा ड्रायव्हर इथे असं करतो, कारण माहीत नाही. कोड कुरूप दिसतो, दिसू द्या.

थंडीत चालायला लागलं. लाइन जायची, मोटारपंपाला थ्री फेज रात्री आली की घरातला व्होल्टेज खाली बसायचा, पण अख्खं कर्नेल कंपाइल करायची गरज नसते, तेवढंच मॉड्यूल करायचं, ते माझ्या जुन्या लॅपटॉपवरही लगेच व्हायचं. अभ्यासिकेतल्या सगळ्या मशीनींवर टाकून दिलं. पोरं पोलीस भरतीचे, तलाठीचे सराव पेपर ऑनलाइन सोडवायला लागली, कोणाची तक्रार नाही. मी समजलो संपलं.

कागद नसल्याचा खरा तोटा कळला तो उन्हाळा लागल्यावर. मार्च संपता संपता पोरं सांगायला लागली की दादा, दुपारी नेट जाते. सकाळी चालतं, संध्याकाळी सातनंतर चालतं, दोन ते पाच मात्र पेपर मध्येच अडकतो. आता दुपारी काय काय बदलतं? व्होल्टेज बदलतो, गर्दी वाढते, कुलर लागतात. राउटर बदलून पाहिला, तसंच. यूपीएसवर टाकून पाहिलं, तसंच. फोनवर त्याच राउटरचं नेट व्यवस्थित चालायचं. डेटाशीट असती तर त्यात पहिल्याच पानांवर लिहिलेलं असतं की ही चिप किती अंशापर्यंत चालते आणि तापली की काय काय घसरतं. इथे मला हेही कळत नव्हतं की चूक माझ्या ड्रायव्हरची आहे, डोंगलची आहे की डोंगल असाच असतो.

शेवटी सांगितलं कोणी तर भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराने. "दादा, कुलरसमोरच्या टेबलावर चालते न, कोपऱ्यातल्याले काहीच नाही." डोंगल अदलाबदल करून पाहिले. कोपऱ्यातला कुलरसमोर आणला की चालायचा, कुलरसमोरचा कोपऱ्यात नेला की बसायचा. अभ्यासिकेवर टिन आहे आणि डेस्कटॉपची मागची बाजू भिंतीकडे, तिथेच डोंगल, तिथेच पॉवर सप्लायचा गरम वारा. कृषी केंद्रवाल्याने दिलेलं एक थर्मामीटर होतं ते डेस्कटॉपमागे टांगलं तर पाऱ्याची शेवटची रेघ जवळ आली होती. आमच्या वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच ४५ च्या पुढे जातं, टिनाखाली आणि डब्यामागे काय होत असेल ते तुम्हीच बघा.

पण गरम होतं म्हणून बंद पडतं एवढ्याने ड्रायव्हर दुरुस्त होत नाही. नक्की काय बिघडतं ते पाहिजे होतं. माझ्याकडे एआर९२७१ चिपचा एक जुना डोंगल आहे, त्याचं फर्मवेअरसुद्धा २०१३ पासून खुलं आहे, आणि हवेतली पॅकेटं ऐकायला, म्हणजे मॉनिटर मोडला, तो फार चांगला. तो लॅपटॉपला लावून दुपारभर कोपऱ्यातल्या मशीनचं बोलणं ऐकलं. मजा अशी की राउटरचे बीकन, म्हणजे मी इथे आहे अशा हाका, त्या मशीनला व्यवस्थित ऐकू येत होते, ते बोलायला गेलं की घोटाळा. वरच्या वेगाची पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवली जात होती आणि राउटर त्यांची पोच देत नव्हता, खालच्या वेगाची कशीबशी पोहोचत होती. म्हणजे पाठवायच्या बाजूचा सिग्नल खराब. वरच्या वेगाला एकेका लहरीत जास्त बिट कोंबलेले असतात म्हणून तो थोडाही वाकडा झाला की आधी तेच मरतात.

मग पुन्हा विंडोज, पुन्हा यूएसबीमॉन, पण या वेळी भर दुपारी आणि सगळं सुरळीत चालू असताना. आणि मला दर दोन सेकंदांनी एक ठरावीक हालचाल दिसली, एक रजिस्टर वाचायचा, त्यातला आकडा बदललेला असला की आणखी चार-दोन रजिस्टरांत लिहायचा. थंडीतल्या रेकॉर्डिंगमध्ये वाचणं होतं, लिहिणं जवळजवळ नव्हतंच, म्हणून तेव्हा नजरेत भरलं नव्हतं. तो चिपच्या आतला तापमापक होता. आकडा अंशात नसतो, नुसता एक आकडा, त्याला एकक नाही. ईफ्यूजमध्ये कारखान्यातल्या कॅलिब्रेशनच्या वेळचा असाच आकडा कोरलेला असतो, ड्रायव्हरने दोघांतला फरक काढायचा, एका तक्त्यात पाहायचं आणि पाठवण्याची पॉवर तेवढी वर-खाली करायची. फरक फारच वाढला तर कॅलिब्रेशन नव्याने करायचं.

दुसरी भानगड क्रिस्टलची. चिपचं घड्याळ एका क्रिस्टलवर चालतं आणि क्रिस्टल तापलं की सरकतं. वायफायच्या ८०२.११जी स्टँडर्डमध्ये दहा लाखात २५ एवढीच सूट आहे, म्हणजे चॅनल ६ वर, २४३७ मेगाहर्ट्झला, साधारण ६१ किलोहर्ट्झ. स्वस्त डोंगलमध्ये स्वस्त क्रिस्टल. आलेल्या प्रत्येक पॅकेटबरोबर चिप सांगत असते की समोरच्यापेक्षा आपण किती सरकलेलो आहोत, विंडोजचा ड्रायव्हर त्याची सरासरी काढून क्रिस्टलशेजारचा कपॅसिटर एकेका पायरीने हलवत होता. माझा ड्रायव्हर सुरुवातीला एक किंमत लिहायचा आणि विसरून जायचा.

दोन्ही गोष्टी घातल्या. वेगवेगळ्या घातल्या, म्हणजे कोणामुळे काय सुधारतं ते कळावं म्हणून एक चालू एक बंद असं करून पाहिलं. कनेक्शन तुटणं मुख्यतः क्रिस्टल सावरल्यावर थांबलं, वेग पॉवरच्या तक्त्याने परत आला, थंडीतल्या इतका नाही पण पेपर सोडवण्यापुरता. कारण तो तक्ताही एका फरकापाशी संपतो, त्यापुढे शेवटचाच आकडा वापरायचा, आणि आमचा कोपरा त्या शेवटच्या आकड्याच्या अगदी काठावर होता. तक्ता बनवणाऱ्याने टिनाखालची आर्वी पाहिली नसावी.

हे होईस्तोवर मृग लागला, दोन पाणी पडले आणि माझी प्रयोगशाळा थंड झाली. मग वहिनीच्या पार्लरमधला हेअर ड्रायर मागून आणला. वहिनीने आधी विचारलं की कायले पाहिजे, मी खरं सांगितलं, तर म्हणाली, "भाऊजी, मशीन बिघडलं तर नवीन घेऊन द्यायचं." एक्स्टेंशन केबलवर डोंगल, शेजारी थर्मामीटर, लांबून ड्रायर. वाईट पद्धत आहे हे मान्य, डोंगलची एक बाजू तापते दुसरी नाही, पण तापमापकाचा आकडा चढताना त्याच्यामागे पॉवर अन् क्रिस्टलच्या पायऱ्या हलताना दिसल्या तेवढं पुरे होतं.

पॅच, म्हणजे कोडमधला बदल, कर्नेल सांभाळणाऱ्यांकडे पाठवायचं त्या मानाने सरळ. कोडची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, सही करा, मोठा पॅच असेल तर तुकडे करा. माझे तुकडे आणखी बारीक करायला लावले. प्रत्येक आकड्याला हा कुठून आला असं विचारलं गेलं आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच, विंडोजच्या ड्रायव्हरला असं करताना पाहिलं, ही रेकॉर्डिंग. ते त्यांना चाललं, हे मला आवडलं. एकाने विचारलं की तुम्ही लिहिलेलं ४६ हे चिपचं तापमान ना? म्हटलं नाही, खोलीचं.

अजून काय राहिलंय तर ४० मेगाहर्ट्झचं रुंद चॅनल मी बंदच ठेवलंय, कारण तापल्यावर त्याचं काय होतं ते नीट तपासलेलं नाही. पॉवर सेव्ह बंद आहे, डेस्कटॉपला त्याचं कामही नाही. आणि तक्ता जिथे संपतो त्यापुढे काय लिहावं ते अडलंय, कारण माझ्याकडचे सगळे डोंगल एकाच दुकानातले, बहुतेक एकाच लॉटचे, त्यांच्यावरून पुढच्या आकड्यांचा अंदाज बांधणं मला पटत नाही. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, कुठेही कोणाकडे असा डोंगल असेल तर एप्रिल-मे मध्ये दुपारी तीनच्या सुमारास डीबगएफएसमधून (कर्नेल आतले आकडे फाइलींसारखे दाखवतो ती जागा) तीन आकडे वाचून पाठवा, तापमापकाचा आताचा, ईफ्यूजमधला कारखान्याचा आणि क्रिस्टलची पायरी, सोबत खोलीचं तापमान आणि डोंगल पुढच्या पोर्टला आहे की मागच्या ते लिहा. थंडीतले आकडे नकोत, ते भरपूर आहेत.